पाचवा घास

मुलांनो, डोळे मिटा आणि लोणारमधलं एक पत्र्याचं घर डोळ्यांपुढे आणा. पितृपक्ष आहे. पत्र्यावर मांडलेले पूर्वजांचे चार घास कावळ्याने केव्हाच खाल्ले. पाचव्यापाशी मात्र तो नुसता बसून आहे, आणि तो शिवल्याशिवाय घरात कोणी जेवणार नाही.

हा पाचवा घास घरातल्या शाळकरी पुष्पांजलीने एल्मर डॉबिनसाठी ठेवला होता. हा अमेरिकन कादंबरीकार भाड्याच्या खोलीत एकटाच वारला. त्याच्या एका कादंबरीचा मराठी अनुवाद तिला शाळेच्या कपाटात सापडला होता. तिच्याआधी तो कोणी उघडलाही नव्हता.

"परक्या माणसाले काऊन बोलावलं वं?" तिची आजी वैतागली. "अमेरिकेवाल्याले आपली कढी चालन का?"

"त्याच्या मागं कोणीच नाही ना, आजी."

"मंग विचार त्याले. काहीतरी इच्छा राह्यली असन."

पुष्पांजली वर पाहून म्हणाली, "तुमची सगळी पुस्तकं वाचीन." कावळा हलला नाही. "सगळ्यायले तुमचं नाव सांगीन." तरीही नाही. मग तिला प्रस्तावनेतलं आठवलं. त्याची शेवटची कादंबरी अर्धीच राहिली होती.

"बरं, ती मी पुरी करीन."

कावळ्याने घास उचलला. सगळे जेवायला बसले.

दुपारी तिने वही उघडली आणि मनाला येईल ती पहिली ओळ लिहिली. आवडली नाही म्हणून खोडली. खिडकीबाहेर कावळा ओरडला.

पुष्पांजलीने मुकाट्याने तीच ओळ पुन्हा लिहिली.