करदोड्याची घंटी

कळपातून भरकटणाऱ्या मेंढीच्या गळ्यात घंटी बांधतात, हे केदारखेड्याच्या शिवकन्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. नवऱ्याच्या करदोड्याला तीच घंटी बांधायची वेळ येईल, हे मात्र तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. बिभीषण अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच सगळं विसरू लागला. डॉक्टर म्हणाले, पुढचं आताच ठरवून ठेवा. मग तिनं त्याची मोटारसायकल विकली, दाराला कुलूप आणलं आणि घंटी बांधली.

तेव्हापासून शहरात, मस्तगडच्या त्यांच्या दोन खोल्यांत दिवसभर किणकिण. "बसा की एका जागी," म्हणून म्हणून तिचा घसा बसला होता.

आज दुपारी त्याला वाढताना तिनं वैतागून घंटी सोडली आणि मुठीत धरली. जेवण होईस्तोवर तरी कानाला आराम.

आतल्या खोलीत किणकिण सुरू झाली. सावकाश, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

शिवकन्यानं मूठ उघडली. घंटी तिथंच होती. बिभीषण समोर बसून भाकर कुस्करत होता.

"आत कोण हाय?" तिनं विचारलं.

"आमची शिवकन्या." किती महिन्यांनी त्याच्या तोंडात ते नाव आलं होतं. "बाई, तुम्ही तिला काही बोलू नका. सकाळपासून फिरून राह्यली. घर सापडंना तिला."

"डोकं नका खाऊ माझं," म्हणत तिनं हातातली घंटी त्याच्या कानाशी जोरात हलवली. "ही बघा, घंटी ही हाय."

हातात काहीच वाजलं नाही. वाजलं ते आत, दाराच्या अगदी जवळ.