कौतुकाचं एक वाक्य

तिसऱ्यांदाही प्रेक्षक गप्पच राहिले. विनोदी मालिकेचं चित्रण बघत फुकट हसायला आलेली दोनशे माणसं खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ करू लागली. सेटवरच्या स्वयंपाकघरात मालिकेतल्या बापाने मालिकेतल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "बेटा, मला तुझा अभिमान वाटतो." नट चांगला कसलेला, पण ते वाक्य बोलताना त्यालाही लाज वाटत होती.

"खोटं वाटतंय," रोझलिन म्हणाली. लेखकांच्या टोळीची ती मुख्य. कॅमेऱ्यांच्या मागे उभं राहायचं, पडलेलं वाक्य तिथल्या तिथे बदलायचं, नटाच्या कानात नवं सांगायचं आणि लगेच पुन्हा चित्रण करायचं, अशी इथली रीत. "कर्टिस, तुझा बाप असं बोलेल?"

"मेला तरी नाही."

"मग तो कौतुक करतो तरी कसं?"

"मला काय माहीत? त्रेचाळीस वर्षांत केलेलं नाही."

"मग जा आणि विचारून ये. समोरच तर बसलाय. पाच मिनिटं देते."

मालिका कर्टिसच्याच घरातली होती. बायकोने सोडल्यावर तो दोन बॅगा घेऊन बर्बँकला बापाच्या दारात उभा राहिला. विमानाच्या कारखान्यात आयुष्यभर पत्र्यांना रिव्हेट ठोकलेला लोवेल त्याला नखशिखांत न्याहाळून म्हणाला, "अकरा वर्षं काढली तिने तुझ्याबरोबर? पुतळा उभारा त्या बाईचा." मग जरा थांबून, "वरचा मजला रिकामा आहे. घराचा म्हणतोय. तुझा तर आहेच." कर्टिस कित्येक महिन्यांनी हसला आणि ते वाक्य त्याने लिहून ठेवलं. मग लिहीतच गेला. लिहिता लिहिता मालिका झाली आणि अख्खा देश दर सोमवारी लोवेलचे टोमणे ऐकू लागला.

शुक्रवारी चित्रणाला लोवेल स्वतः यायचा आणि पहिल्या रांगेत कडेला बसायचा. हाच तो बाप, हे सेटवर कोणाला खरंच वाटत नसे. परक्यांशी म्हातारा लोण्यासारखा मऊ. तासून काढायचा ते घरच्यांना, आणि घरात आता कर्टिस एकटाच उरला होता.

गेल्या दोन महिन्यांत तेही बंद झालं. पूर्वी कर्टिसने केलेली अंडी बघून तो म्हणायचा, "कोंबडीला दाखवू नकोस, धंदा सोडेल ती." आता बशी रिकामी करून म्हणे, "छान झाली होती. आभारी आहे." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा कर्टिसला वाटलं, म्हातारा उखडलाय. घरातलं बोलणं चारचौघांत विकल्यावर कोणता बाप उखडणार नाही? आज स्टुडिओच्या दारात गाडीतून उतरतानासुद्धा तो "आभारी आहे" म्हणाला. त्यापेक्षा एक थोबाडीत परवडली असती.

कॅमेऱ्यांच्या वायरी ओलांडता ओलांडता कर्टिसने ठरवून टाकलं. वाक्यबिक्य काही मागायचं नाही. सरळ माफी मागायची, आणि त्याला नको असेल तर मालिका बंद. काम दुसरं मिळेल, बाप मिळायचा नाही.

लोवेल इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसला होता. कर्टिस त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"बाबा, माझं चुकलं. तुम्हाला न विचारता मी सगळं लिहीत गेलो. तुम्ही म्हणाल तर आजच बंद करतो. पण माझ्याशी असं तोलूनमापून बोलू नका. हवं तर शिव्या द्या."

लोवेलने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याच्या हातावर थोपटलं.

"वडिलांशी वाजलेलं दिसतंय तुमचं. होतं असं, साहेब. मिटेल."

हा आवाज कर्टिसने लहानपणापासून ऐकला होता. पोस्टमनशी, दुकानातल्या मुलीशी, बसच्या ड्रायव्हरशी बोलतानाचा. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. एका अनोळखी माणसाला तो मनापासून धीर देत होता. दोन महिने आपण त्या घरात पाहुणे होतो, हे कर्टिसला आत्ता कळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही.

लांबून रोझलिनने हाताने खूण केली, काही मिळालं का? कर्टिसला उठवेना.

"तुम्ही इथे कोणाबरोबर आलात?" त्याने विचारलं.

"मुलाबरोबर. असेल इथेच कुठेतरी. हे सगळं तोच लिहितो." लोवेलने सेटकडे, दिव्यांकडे, मागच्या माणसांकडे हात फिरवला. "एवढी माणसं हसतात ना, ती त्याच्यामुळे. संसार मोडला त्याचा, मी म्हटलं पोरगं आता उठत नाही. पण उठलं. मला नसतं जमलं."

मग त्याने आजूबाजूला पाहिलं, कर्टिसच्या कानापर्यंत वाकला आणि आवाज खाली आणला.

"पण तो भेटला तर मी असं म्हणालो हे त्याला सांगू नका, साहेब. गाढवाला लगेच शिंगं फुटतील."