चासीला गेलेला तडा

आपल्या पोरासाठी दाजींनी स्वस्तात आणलेली जुनी चिनी पिट बाइक, मातीत उडवायची छोटी मोटारसायकल, पहिल्याच उडीत आडवी झाली, पोराचा हात मोडला. पोराच्या मेकॅनिक मामानं भंगार बाजार पालथा घालून कार्बोरेटर शोधला, दुसऱ्याच गाडीची क्लच प्लेट घासून बसवली. चिखल धुताना हँडलखाली चासीला गेलेला तडा दिसला. वर पुट्टी भरून रंग फासला होता. ते पाहून दाजींनी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "नवी चासी कुठंच मिळत नाही," मामा म्हणाला. दाजींनी रंगाचा डबा त्याच्याकडे सरकवला. "मग तूही पुट्टीच भर. रंग मार. विकून टाकतो." "कोणाला?" "असेल कोणाचं तरी पोरगं." मामाचं डोकं सणकलं. त्यानं कटर उचलून चासीचे दोन तुकडे केले. "वेडा झालास? तुझ्या बहिणीला काय सांगू?" "गाडी मी कापली, असं सांगा. का कापली, तेही तुम्हीच सांगा."