औषध लागू पडलं

नालबंद दिसला की घोडी लाथा झाडायची, म्हणून डॉक्टरांनी गुंगीचं जेल दिलेलं. जिभेखाली लावायचं, हातमोजे घालूनच. "जन्म गेला घोड्यांत, आता मोजे घालू?" म्हणत तबेलेवाल्या काकांनी मोजे खिशात कोंबून उघड्या बोटांनी जेल लावलं. घोडीने सगळं जिभेने त्यांच्याच तळव्यावर ढकललं. त्यांनी पुन्हा सारलं, तिने पुन्हा ढकललं. हळूहळू तबेला कलंडला. खुंटीवरच्या एका बादलीच्या दोन झाल्या. काका घोडीच्या मागच्या पायांशी मटकन बसले. औषध हिला दिलं, मग हिचे कान ताठ कसे? जीभ आपली का जड? पुतणीचा आवाज विहिरीतून यावा तसा आला. सोबत नालबंद होता. घोडी थरथरली, पण पाय उचलला नाही. "औषध लागू पडलं," तो म्हणाला. काकांचा चिकट तळवा बघत पुतणी म्हणाली, "काकांना. घोडी फक्त त्यांना जपतेय."