घुबड बोलत नाही

"उड्या मार, पेनी, उड्या!" राज्याचे खजिनदार होलिस वेनराइट घुबडाच्या पाठीत थाप मारत ओरडले. सहा फुटी कापडी घुबड ऑगस्टच्या उन्हात उड्या मारू लागलं. त्याच्या डोक्यावर पदवीदानाची काळी टोपी चिकटवलेली होती. घुबड म्हणजे विद्वान, अशी तिकडची समजूत. समजूतच ती.

घुबडाला दोन नियम होते. बोलायचं नाही, आणि लोकांसमोर डोकं काढायचं नाही. साहेब "खरं ना, पेनी?" म्हणाले की जोरात मान हलवायची. साहेबांच्या कचेरीतले बाकीचे लोकही हेच काम करत, फक्त पोशाखाशिवाय.

काउंटीच्या जत्रेत डुकरांच्या मांडवाला लागूनच, मुलांच्या कॉलेजसाठी बचत करायच्या 'उद्याची पदवी' योजनेचा स्टॉल होता. साहेबांना नोव्हेंबरात पुन्हा निवडून यायचं होतं, म्हणून ते यंदा जातीने आले होते. ज्याच्या कडेवर तान्हं मूल दिसेल त्याला ते 'भावी पदवीधर' छापलेलं झबलं देत आणि मुलाला मांडीवर घेऊन फोटो काढून घेत. मूल रडलं की परत करत. झबलं दोन धुण्यांत विटे, पण फोटो टिकत.

रेनाटा कॉब आपल्या तान्ह्या मुलीला, ओपलला, कडेवर घेऊन समोर उभी राहिली. तिच्या दुसऱ्या हातात निळी फीत होती आणि बक्षिसाचं साठ डॉलरचं पाकीट. काकडीच्या लोणच्यात ती सबंध जत्रेत पहिली आली होती. साठ डॉलरमध्ये गाडीला एक जुना टायर येत होता. पुढचा डावा टायर पार गुळगुळीत झाला होता आणि त्याच गाडीने तिला रोज पहाटे बावीस मैलांवर कामाला जायचं होतं.

"पोरी, वेडी आहेस का?" सासू लोर्ना मागून म्हणाली. "आधी टायर घे. बर्फात गाडी घसरून मेलीस तर कॉलेजात कोण जाणार, तुझं भूत?"

"लोर्ना, आपल्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलंय का?" रेनाटा म्हणाली. "मला हिला चढवायचीय. आज घेतला टायर, की उद्या बॅटरी निघेल, परवा आणखी काही. तिच्या कॉलेजचं कधी निघणार?"

हे ऐकून साहेब पाघळले. "वा, मॅडम! शाब्बास! तुम्ही फक्त खातं उघडा. वर राज्य आपले शंभर डॉलर घालतं. बाळ वाढतं, पैसा वाढतो, आणि अठराव्या वर्षी कॉलेजचं दार सताड उघडं! खरं ना, पेनी?"

घुबडाने मान हलवली.

"ते बघा." साहेबांनी वरच्या पोस्टरकडे बोट केलं. एकवीस वर्षं तेच पोस्टर जत्रेजत्रेत हिंडत होतं, त्याचे कोपरे चिकटपट्टीने जोडलेले होते. पोस्टरवर गुटगुटीत बाळ होतं. त्याच्या डाव्या भुवईवर जांभळट डाग होता, आणि शेजारी शंभर डॉलरचा दारभर उंचीचा पुठ्ठ्याचा चेक. "या योजनेतलं पहिलं खातं या मुलीचं! आमच्या कचेरीने स्वतः उघडलं, टीव्हीवाल्यांसमोर."

रेनाटाने पाकीट उघडलं. लोर्नाने कपाळाला हात लावला. साहेबांनी पेन पुढे केलं, फोटोवाला पुढे सरसावला.

पेन हातात घेऊन रेनाटा थांबली. तिने पुन्हा वर पाहिलं.

"मग ही आता कुठल्या कॉलेजात आहे?"

साहेबांचं हसू जिथल्या तिथे राहिलं. असा प्रश्न त्यांच्या भाषणात कुठेच नव्हता.

"म्हणजे... हिशेबाने तिसऱ्या वर्षाला असणार. हो, तिसऱ्याच वर्षाला! खरं ना, पेनी?"

घुबडाने मान हलवली नाही.

"खरं ना, पेनी?" साहेबांनी कोपराने ढोसलं.

घुबडाने दोन्ही पंख वर नेले आणि आपलं डोकं उपटून टेबलावर, झबल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. आतून घामाने निथळणारी एक मुलगी बाहेर आली. तिने पंखाने तोंड पुसलं आणि कपाळावर चिकटलेले केस मागे सारले.

"डोकं! आधी डोकं घाल!" साहेब दातओठ खात कुजबुजले. "पोरं बघतायत!"

रेनाटा मात्र त्या मुलीच्या डाव्या भुवईकडे बघत होती. मग तिने पोस्टरकडे पाहिलं, मग पुन्हा भुवईकडे.

"यांच्या लोकांनी माझ्या नावावर शंभर डॉलर टाकले, फोटो काढला आणि गेले, ताई," मुलगी म्हणाली. "त्यात भर घालायला माझ्या आईकडे कधी दमडी उरली नाही. अठरा वर्षांनी त्यात केमिस्ट्रीचं एक पुस्तक आलं. दुसरं आलं नाही. आणि मी कुठल्या कॉलेजात आहे, हे आजवर विचारलंत ते तुम्हीच."

मग ती साहेबांकडे वळली.

"पण तुमचा हिशेब बरोबर आहे, साहेब. तिसरंच वर्ष आहे माझं, या घुबडात."