तिघांची साक्ष

“दुपारचं पुरावे तपासण्याचं सत्र फारच उपयोगी झालं,” वाघमोडे सर माइकवर म्हणाले. आधीच्या दोघांनीही तेच सांगितलं होतं. इतिहास शिक्षकांचं प्रशिक्षण संपत आलं होतं. मनोगतं उरकली की सगळे एसटी गाठणार होते.

नुकत्याच येऊन बसलेल्या तज्ज्ञ बाईंनी विचारलं, “तुम्ही होता सत्राला?”

“जेवल्यावर जरा बाजारात गेलो होतो,” सर ओशाळले. “पण हे दोघं म्हणाले, म्हणून...”

दोघांनी माना खाली घातल्या.

“ते सत्र मीच घेणार होते. गाडी बंद पडली, आत्ता पोचले.” बाईंचा आवाज चढला नाही. “पण तिघांची साक्ष जुळतेय. पुढे कुणी इतिहास लिहिला, तर हे सत्र झालंच.”

सर माइक धरून उभेच राहिले. तो घ्यायला कुणाचा हात पुढे येईना.