नन्नाचा होकार

सायकल दुरुस्तीवाला रांग सोडून थेट टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या गल्लीत समुद्र पाहिजे."

मागच्या खुर्च्यांवरची मंडळी खुदखुदली. नगरसेवकाने कागदावरून मान वरसुद्धा केली नाही. "मागणी रास्त आहे. वर पाठवतो."

"लाटा तेवढ्या लहान ठेवा. म्हातारी माणसं आहेत गल्लीत."

आता साहेबांनी वर पाहिलं. समोर शाळेतला बाकावरचा सोबती, हात काळे आणि दात सगळे बाहेर. साहेबांना जुनं हसू फुटणार, तेवढ्यात शेजारी बसलेला पक्षाचा चिटणीस खाकरला. हसू पोस्टरवरचं झालं. "बोला, काय सेवा करू?"

"बोला? अरे नन्ना, मला 'बोला' म्हणतोस होय रे?"

हे नाव गल्लीनेच ठेवलेलं. साहेबांचा नन्नाचा पाढा लहानपणापासून मशहूर. बॅट देतोस? नाही. गणित दाखवतोस? नाही. पहिल्या निवडणुकीत बायकांनी बादल्या आपटत विचारलं, "उन्हाळ्यात दोन वेळ पाणी देणार का?" हा म्हणाला, "नाही. टाकीतच नाही, तर देऊ कुठून?" सपशेल पडला. पण त्या उन्हाळ्यात बायकांनी वेळेवर पिंपं भरून ठेवली आणि कुणाचंच अडलं नाही. पुढच्या खेपेला पक्षाने तिकीट दिलं, आणि तो एक शब्द तेवढा काढून घेतला.

"बरं, समुद्र राहू दे," दुरुस्तीवाला टेबलावर वाकला. "रस्ता रुंद होतोय म्हणे. माझं दुकान राहतं का जातं?"

पक्षाला रस्ता हवा होता, गल्लीला दुकानं. साहेबांना दोघंही हवे होते.

"तुमचं काम झालं समजा."

मागून टाळ्या पडल्या. "देवमाणूस आहेत आपले साहेब!" कुणीतरी ओरडलं.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" दुरुस्तीवाला मागे वळून म्हणाला. मग आवाज उतरवला. "नन्ना, एकदाच नाही म्हण. मी चिडणार नाही, आयशप्पथ. तुझं 'नाही' ऐकलं की शिव्या घालायचो तुला, पण पुढं काय करायचं ते तरी कळायचं रे."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. त्यांची जीभ दातांना टेकली. "न..."

चिटणीसाने मान उचलून त्यांच्याकडे पाहिलं.

"न... नक्की! नक्की राहतं दुकान."

पुन्हा टाळ्या. या वेळी दुरुस्तीवाल्यानेही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.

दुकानात त्याची बायको ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होती. "काय म्हणाले हो?"

"नक्की म्हणाला."

तिने ट्यूब बाहेर काढली, पदराला हात पुसले, आणि स्टुलावर चढून खिळ्यांना टांगलेले टायर एकेक करून उतरवायला लागली.